टाकी लावलेलं बेअरिंग



पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना आठवत असतील. दुपारची हाळी यायची, आई पाटा-वरवंटा अंगणात काढायची आणि छिन्नीची टकटक सुरू व्हायची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं घसरतं, म्हणून त्यावर खळगे पाडायचे. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे तिथेही खळगेच पाडतात, पण आरशासारख्या घासलेल्या धातूवर आणि लेसरने. हेतू मात्र उलटा. पाट्यावर वाटलं जावं म्हणून टाकी लावायची, बेअरिंगवर वाटलं जाऊ नये म्हणून.

हा उलटा व्यवहार जमतो तो मधल्या तेलामुळे, तेव्हा आधी तेलाकडे वळू.

बेअरिंग म्हटलं की डोळ्यांपुढे सायकलचे छर्रे येतात. मी बोलतोय ते साध्या बुशाबद्दल. त्यात फिरणारा दांडा, त्याभोवती बुश आणि दोघांमध्ये वंगण, बस्स. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वरून पितळी बेअरिंगचा भार. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी तिथूनच वर येऊ लागलं. बूच लावलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर भार चौरस इंचाला सरासरी १०० पौंड आणि काटा २०० च्या पुढे! आस पितळेला टेकलेलाच नव्हता, तेलाने बेअरिंग उचलून धरलं होतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फट निमुळती होत गेली की फिरणारा दांडा तेलाला ओढत त्या चिंचोळ्या जागेत कोंबतो आणि दाब तयार होतो.

दांडा तरंगतो, तर झीज होते कधी? निघताना आणि थांबताना. ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याभोवती साधारण ५० मायक्रॉनची, म्हणजे केसाएवढी फट ठेवतात. इंजिन चालू असताना सगळ्यात अरुंद जागी तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉन असतो. इंजिन थांबलं की तोही दाबाखाली निसटतो आणि धातू धातूवर बसतो. पुन्हा सुरू करताना पहिले काही फेरे कोरडे घासत जातात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्या आल्या, पेट्रोल वाचलं, पण बुशाच्या नशिबी हे कोरडे फेरे वाढले.

दुसरी अडचण सपाट तोंडांची. पंपाच्या सीलमध्ये दोन सपाट कड्या एकमेकींवर फिरतात. तिथे निमुळती फटच नाही, म्हणजे रेनॉल्ड्सच्या हिशेबाने उचल शून्य. प्रत्यक्षात मात्र अशा कड्यांमध्येही द्रवाचा थर टिकताना दिसायचा. १९६६ मध्ये हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन या तिघांनी दाखवलं की ती करामत पृष्ठभागावरच्या बारीक उंचसखलपणाची आहे. हाच उंचसखलपणा आपल्या हाताने, आपल्या मापाचा करता आला तर? नव्वदच्या दशकात इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन विद्यापीठात इझाक एत्सिऑन यांनी त्यासाठी लेसर हाती घेतला.

एक खळगा डोळ्यांपुढे आणा. तेल त्यावरून चाललं आहे. खळग्यात शिरताना जागा वाढते, दाब उतरतो. बाहेर पडताना जागा आवळते, दाब चढतो. जेवढा उतरला तेवढाच चढला, तर बेरीज शून्यच की! माझा स्वतःचा पहिला आक्षेप हाच होता. पण तेल ताण सोसत नाही. दाब फार उतरला की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते आणि दाब तिथेच अडतो. चढायला आभाळ मोकळं, उतरायला मात्र खाली जमीन. या पक्षपातातून प्रत्येक खळगा चिमूटभर उचल देतो, आणि खळगे असतात हजारो. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

खळगा केवढा? साधारण १०० मायक्रॉन रुंद आणि ५ ते १० मायक्रॉन खोल. वाटी नव्हे, परात म्हणा. अर्धा मीटर रुंद परात पाच सेंटिमीटर खोल असावी, तसं हे प्रमाण. पृष्ठभागाचा १५ टक्के भाग अशा खळग्यांनी व्यापायचा तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १९०० खळगे बसतात. यंत्र थांबलं तरी त्यांत तेल शिल्लक राहतं, आणि पुढच्या वेळी कोरडे फेरे तितकेसे कोरडे होत नाहीत. धातूचा कीसही तिथे पडून राहतो, फिरत फिरत ओरखडे काढत नाही. दांड्याच्या लांबीच्या दिशेचा रेटा पेलणाऱ्या सपाट थ्रस्ट बेअरिंगवर एत्सिऑन यांच्या गटाने पाण्यात चाचण्या केल्या, तेव्हा फट सुमारे तिप्पट झाली आणि घर्षण निम्म्याहून खाली आलं.

जुन्या कारागिरांना यातलं अर्धं ठाऊक होतं. लेथच्या बेडवर स्क्रेपरने काढलेले चंद्रकोरीसारखे ठसे पाहिलेत ना? शोभेचे वाटतात, पण त्यांत तेल धरून राहतं.

आता सावधगिरीचं. लेसर हाती आला की सगळीकडे टाकी लावत सुटायचा मोह होतो. बुशात जिथे भार पेलला जातो तिथे निमुळत्या फटीमुळे दाब आधीच चढलेला असतो. तिथे बुडबुडे सुटत नाहीत, म्हणजे मघाचा पक्षपातही नाही. उलट खळग्यांमुळे फट सैल पडते. आतून संपूर्ण बुशाला खळगे मारले तर भार पेलायची ताकद घटू शकते. म्हणून भागापुरती टाकी, आणि तीही जागा हिशेबाने निवडून. छर्ऱ्यांच्या बेअरिंगला तर मी आणखी जपून हात लावेन. तिथे तेलाचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. खोल खळगा आला की तो मोडतो, आणि एवढ्या दाबाखाली खळग्याच्या काठाशीच तडे सुरू होण्याची भीती असते.

आमच्या हातून झालेली चूक मात्र जागा निवडण्यातली नव्हती. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, आम्ही दांड्यावरच्या स्लीव्हला खळगे मारले. नकाशा काटेकोर, खोली मोजलेली. कांस्याच्या बुशात स्लीव्ह चढवली, यंत्र चालू केलं आणि तासाभरात तेलात सोनेरी चमक दिसू लागली. बुश किसला जात होता. नॅनोसेकंदांचा लेसर धातू उडवतो तसा थोडा वितळवतोही, आणि तो वितळलेला धातू खळग्याच्या कडेला थिजून काठ उभा राहतो. चार-पाच मायक्रॉनचाच, पण तेलाच्या थरापेक्षा उंच आणि कडक. आम्ही खळगे मोजले होते, काठ मोजलाच नव्हता. बेअरिंग म्हणून कानस बनवली होती! फेमटोसेकंद लेसरने हा काठ जवळपास येत नाही, पण ते यंत्र महाग. आमच्या लेसरला उपाय एकच होता, खळगे मारल्यावर पुन्हा हलकं लॅपिंग, म्हणजे बारीक भुकटीने घासणं.

तिथले फोरमन काही बोलले नाहीत. दुसरी स्लीव्ह लेसरवरून उतरली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि लॅपिंगच्या टेबलावर ठेवून दिली. सूक्ष्मदर्शक पलीकडच्या खोलीत होता. मी अजूनही तिथे जायच्या आधी नख फिरवून बघतो.