वेळेवर धावणारी गाडी आणि घाबरलेला माणूस
(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानहून परतल्यापासून जो भेटेल तो विचारतो, दौरा कसा झाला? बैठकांचा अहवाल छापून आपल्या हाती दिलेला आहे, तो पुन्हा वाचून दाखवत नाही. मधला एक रविवार आम्हाला मोकळा मिळाला होता. त्या दिवशी काय पाहिले, एवढेच आज सांगायचे आहे. कारण दौऱ्यात आम्ही सर्वांत जास्त शिकलो ते त्याच दिवशी.

आम्ही सहा जण होतो. भुसावळचे लोको पायलट, मुंबईचे मोटरमन, पुण्याच्या आरएमएसमधले सॉर्टर, नागपूरचे पोस्टमन आणि खडगपूर व पेरांबूर येथील एकेक साथी. मुक्काम क्योटोला. क्योटो हे देवळांचे शहर. स्टेशनजवळच हिगाशी होंगान्जी हे लाकडी बांधणीचे प्रचंड मंदिर आहे. ते आगीत जळाल्यावर पुन्हा उभारले, ते काम १८९५ मध्ये पुरे झाले. अवजड तुळया ओढताना साधे दोर तुटत, म्हणून भाविक स्त्रियांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले गेले. तो दोर आजही तेथे ठेवलेला आहे. आम्ही बराच वेळ त्याच्यापुढे उभे होतो.

पण रेल्वेवाला सुट्टीच्या दिवशीही शेडकडेच वळतो! तेथून आम्ही पायीच उमेकोजीच्या रेल्वे संग्रहालयात गेलो. वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय तेथे १९७२ पासून होते, २०१६ मध्ये त्याचे मोठे क्योटो रेल्वे संग्रहालय झाले. १९१४ ची पंख्याच्या आकाराची लोको शेड, तिच्यात वीस रूळ, मधोमध टर्नटेबल. भुसावळच्या साथींचे वडील फायरमन होते. ते एका इंजिनाच्या भट्टीपाशी गेले ते हलेनातच.

पलीकडे पहिली शिंकान्सेन उभी आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर ती सुरू झाली. तेव्हापासून आजवर शिंकान्सेन घसरून किंवा टक्कर होऊन एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. हे कशाने साधले? वेगळा मार्ग, फाटके नाहीत, स्वयंचलित नियंत्रण, रोज रात्री गाड्या थांबवून रुळांची देखभाल. आणि जपानी रेल्वेतली सगळीकडची एक सवय. चालक, गार्ड, फलाटावरचा माणूस, प्रत्येक जण सिग्नलकडे, घड्याळाकडे, दाराकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो. ते याला शिसा-कांको म्हणतात. तेथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या प्रयोगात या सवयीमुळे चुका जवळजवळ एक-षष्ठांशावर आल्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात. पेरांबूरचे साथी म्हणाले, "हे तर आपलेच!" खरे आहे. पण चौदा तासांच्या ड्युटीनंतर तोंडातून निघालेला शब्द आणि विश्रांती घेतलेल्या माणसाचा शब्द यांत फरक पडतो.

दुपारी मोटरमन साथींनी आग्रह धरला आणि आम्ही आमागासाकीला गेलो. पर्यटक तेथे सहसा जात नाहीत. क्योटोहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो, पुढे वीस-पंचवीस मिनिटे चालायचे. २५ एप्रिल २००५ रोजी सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी फुकुचियामा मार्गावरची सात डब्यांची गाडी तेथे वळणावर घसरली आणि नऊ मजली इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे मेली, ५६२ जखमी झाली. वळणावर मर्यादा ताशी ७० किलोमीटर, गाडीचा वेग ११६.

चालक अवघा २३ वर्षांचा. आधीच्या इतामी स्टेशनात त्याची गाडी सुमारे ७२ मीटर पुढे गेली होती आणि तिला जेमतेम सव्वा मिनिट उशीर झाला होता. अशा चुकीबद्दल तेथे 'निक्किन क्योइकू' नावाचे प्रशिक्षण असे. नाव प्रशिक्षणाचे, काम शिक्षेचे. दिवसेंदिवस माफीनामे लिहायचे, गवत उपटायचे, बोलणी खायची. २००४ मध्ये या तरुणाने असे १३ दिवस काढले होते. अंतर कमी सांगा, अशी विनंती त्याने गार्डला केली. मग गार्ड कंट्रोलला काय सांगतो, हे ऐकण्यात त्याचे लक्ष गुंतले आणि ब्रेक लावायला उशीर झाला असावा, असा निष्कर्ष सरकारी चौकशी आयोगाने २००७ मध्ये काढला. त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी यंत्रणा तेव्हा बसवलेली नव्हती. कंपनीच्या तीन माजी अध्यक्षांवर खटला चालला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे निर्दोषत्व कायम केले.

इमारतीचा खालचा भाग स्मारक म्हणून जपला आहे. २०१८ पासून त्या जागेला 'इनोरी नो मोरी', म्हणजे प्रार्थनेचे वन, म्हणतात. शेजारून आजही गाड्या जातात आणि वळणावर सावकाश जातात. आमच्यातले कोणी बोलले नाही.

टपाल खात्यातल्या बंधूंनी हा रेल्वेचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. क्योटो स्टेशनला लागूनच मोठे टपाल कार्यालय आहे. संध्याकाळी परतल्यावर नागपूरचे साथी त्याच्यापुढे थांबले आणि बोलणे टपालावर आले. जपानचे टपाल १ ऑक्टोबर २००७ रोजी कंपन्यांत विभागले गेले. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांचा कोटा पुरा व्हावा म्हणून कित्येक कर्मचाऱ्यांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली. विम्याच्या टार्गेटपायी ग्राहकांच्या गळ्यात नको त्या पॉलिसी मारल्या गेल्या, काहींकडून दुहेरी हप्ते घेतले गेले. हे २०१९ मध्ये उघड झाले आणि तीन कंपन्यांच्या प्रमुखांना जावे लागले. टार्गेटचा धाक काय करून घेतो, हे खाती आणि पॉलिसी गोळा करत फिरणाऱ्या आपल्या डाकसेवकांना वेगळे सांगायला नको.

मित्रांनो, वक्तशीरपणाला आमचा विरोध नाही. गाडी वेळेवर हवी, पत्रही वेळेवर हवे. दारू पिऊन ड्युटीवर येणाऱ्याची बाजू संघटनेने घेऊ नये, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पण झालेली चूक लगेच सांगणारा माणूस शंभर प्रवाशांचे प्राण वाचवतो. त्याच्या हातात चार्जशीट ठेवली, की पुढचे दहा जण तोंड उघडत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी. अपघात थोडक्यात टळला, हे जो स्वतःहून कळवील त्याच्यावर कारवाई होऊ नये. रनिंग स्टाफची विश्रांती कागदावर न राहता प्रत्यक्ष मिळावी. टपालात टार्गेट चुकले म्हणून कोणाचा अपमान होऊ नये. हे तिन्ही मुद्दे पुढच्या शाखा बैठकीत ठरावाच्या रूपाने यावेत आणि आपापल्या डेपोतले, ऑफिसातले अनुभव सभासदांनी तोवर लिहून द्यावेत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.