खाला रडली नव्हती

(वाचनालयातील कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘माझा लेखनप्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलंय. प्रवास म्हणावा इतकं काही झालेलं नाही. एक कादंबरी छापून आली आहे, दुसरी चालू आहे. नोकरी सॉफ्टवेअरची. फजरनंतर ऑफिसचं लॉगिन होईपर्यंत जे दोन तास मिळतात, तेवढंच माझं लेखकाचं आयुष्य.

सुरुवात मात्र याच वाचनालयात झाली. नववीत असताना इथल्या कपाटात हमीद दलवाईंची ‘इंधन’ सापडली. तोपर्यंत दलवाई म्हणजे १९६६ चा मोर्चा, १९७० चं मुस्लिम सत्यशोधक मंडळ आणि त्यावरून घरात मोठ्यांची भांडणं, एवढंच माहीत होतं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस आधी कथाकार होता, ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ ला आणि ‘इंधन’ १९६५ ला आली, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मतांशी आजही माझं सगळं जुळत नाही. पण आपल्यासारखी घरं, आपल्यासारखी नावं मराठी कादंबरीत असू शकतात, हे तिथे कळलं. शाळेच्या पुस्तकात आपण ईदच्या धड्यात शीरखुर्म्याची वाटी घेऊन यायचो आणि धडा संपला की जायचो.

आता माझ्या कादंबरीबद्दल. त्यातली मुख्य बाई म्हणजे माझी खाला. हे सांगायला तिची परवानगी घेतली आहे. तिला एका दमात तीन तलाक दिला गेला, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या बऱ्याच आधी. कादंबरीत मी तिचं नाव बदललं, गाव बदललं. पुस्तक आल्यावर नात्यातले काहीजण म्हणाले, समाजाची बदनामी केलीस. त्याला माझ्याकडे उत्तर होतं: जे घडतं ते लिहिल्याने बदनामी होत नाही, घडल्याने होते. हे वाक्य मी दोन-तीन ठिकाणी ऐटीत बोललोसुद्धा.

खालाने पुस्तक चार दिवसांत वाचलं. मग फोन केला. म्हणाली, “नाव बदललंस, पण शिवणयंत्र माझंच ठेवलंस. ठेव. पण मी दारात बसून रडले कधी रे?”

मी म्हटलं, “खाला, ती कादंबरी आहे.”

“ते कळतं मला. मी रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी तुझ्या अब्बांना घेऊन गेले आणि यंत्र टेम्पोत घातलं. माझ्या पैशाचं होतं. तू ते यंत्र आपोआप माहेरी पोचवलंस.”

मी पान काढून पाहिलं. खरंच, एका प्रकरणात ती रडते, पुढच्या प्रकरणात यंत्र माहेरच्या पडवीत. टेम्पो नाही, भांडण नाही, पैशाचा हिशेब नाही. रडण्याला मात्र अडीच पानं. ती कुठून आली? तलाक मिळालेली मुस्लिम बाई वाचकाला जशी बघायची सवय आहे, तशी मी लिहिली होती. त्या अडीच पानांचं परीक्षणांत कौतुकही झालं. कोडमध्ये चूक असली तर निदान टेस्टिंगमध्ये कुणीतरी परत पाठवतं. कादंबरी चुकीसकट छापून येते.

तुमच्यापैकी काहीजण लिहिता, म्हणून हे सांगतोय. समाज काय म्हणेल याची भीती मला आधीपासून माहीत होती, तिच्याशी भांडायची तयारीही होती. बाहेरच्या वाचकाला काय आवडेल, हे माझ्या हाताला परस्पर ठाऊक होतं आणि मला पत्ताच नव्हता.

आता दर रविवारी नव्या कादंबरीचं एक प्रकरण खालाला फोनवर वाचून दाखवतो. ती फार बोलत नाही. मागच्या रविवारी मधेच थांबवलं. “साडीच्या फॉलला सोळा नंबरची सुई कोण लावतं?”

ते प्रकरण परत लिहायला घेतलंय.