खदान बुजवा, गायरान सोडणार नाही
(जळकोट, ता. तुळजापूर येथील बैठकीतलं भाषण)

आयाबायांनो, दादांनो,

आज एकच बोलायचं. वस्तीमागच्या दगडखदानीचं काय करायचं? ठेकेदार दगड घेऊन गेला, खड्डा आपल्याला ठेवून गेला. लेकरं तिथंच खेळतात, शेरडं तिथंच चरतात. दुसरी मोकळी जागा कुठाय?

गेल्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ शेरडामागं गेला अन् काठ ढासळून आत पडला. दोन लुगड्यांची गाठ मारून खाली सोडली, तेव्हा वर आला. विहिरीला पायऱ्या असतात, तळ्याला उतार असतो. खदानीला काळ्या दगडाची उभी भिंत. पोहणाराही थकतो, धरायला काही नाही. अन् सुरुंगानं काठ आधीच खिळखिळा झालेला.

मग अर्ज का नाही केला? खरं सांगते, भीतीनं. साहेब मोजायला आले तर खदान राहील बाजूला, आपलीच पालं उठवतील. ही भीती खोटी नाही. पण १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची, असा १९९१ चा शासन निर्णय आहे. म्हणून दोन अर्ज एकाच दिवशी द्यायचे. एक खदानीचा, एक जमिनीचा. ज्याच्याकडं जुनी दंडाची पावती असेल, त्यानं तिची नक्कल जोडायची. दोन्हींची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

खाण सोडताना मालकानं उघड्या तोंडाला कायमचं कुंपण घालायचं, असा १९६१ च्या खाण नियमांचा दंडक आहे. ते आपण भीक म्हणून मागत नाही. अर्जात गट नंबर लिहा, पंचनामा मागा. कुंपण, फलक, अन् एका बाजूनं चढता येईल असा उतार मागा. बुजवायची तर दगडमातीनं, गावच्या कचऱ्यानं नाही.

तोवर रविवारी सगळ्यांनी बाभळीचे काटे आणा. काठापासून दहा पावलं सोडून कुंपण करू. एक दोर अन् हवा भरलेली ट्यूब तिथं कायम टांगू.

जंगलातल्या गावांतून आलेल्यांनो, वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल अन् पाणवठे राखायचा अधिकार दिलाय. तुमच्या रानात अशी खदान असेल तर ठराव घ्या.

लेकरू वाचवायचं की जमीन, असं कुणी विचारलं तर सांगा, दोन्ही.

जोहार!