संख्याशास्त्रावांचून अर्थशास्त्र

बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्याची शेती बव्हंशीं पावसावर अवलंबून आहे. आणि पाऊस तर असा, कीं एक शिवार भिजावें व शेजारचें कोरडें राहावें. अशा ठिकाणीं पीकविम्याची भरपाई मुख्यतः एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर ठरत नाहीं. ती महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. आवडीनिवडीला वाव न ठेवतां, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, कांहीं शेतें निवडावयाचीं. बहुतेक पिकांसाठीं १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आंखून त्यांतील पीक कापून तोलावयाचें. आणि त्यावरून सर्व मंडळाची सरासरी काढावयाची. ती ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाहून कमी भरली, तरच भरपाई मिळते.

या व्यवस्थेस मराठी विद्वानांचा मोठा हातभार लागलेला आहे. नमुना-पाहणीनें पिकांचा अंदाज घेण्याची पद्धति शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रणी होते. क्षेत्राधारित विम्याचा पुरस्कार पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं केला; १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेनें तोच मार्ग पत्करला. दोघांच्याही ठायीं शेतीचें ज्ञान आणि संख्याशास्त्र हीं एकत्र नांदत होतीं.

आतां समजा, एखाद्या मंडळाचें उंबरठा उत्पन्न हेक्टरी ७०० किलो असून सरासरी ७२० किलो निघाली. भरपाई नाहीं! परंतु थोडक्या तुकड्यांवरून काढलेल्या सरासरींत प्रमाण-त्रुटि असतेच. ती ५० किलो असेल, तर २० किलोंच्या फरकावर कितपत विसंबावें? अर्थशास्त्राच्या ज्या पदवीधराला हा प्रश्न सुचत नाहीं, तो संख्याशास्त्र शिकला असें म्हणतां येणार नाहीं. मग त्यानें सूत्रें कितीही पाठ केलेलीं असोत.

हा विषय एका प्रश्नपत्रिकेपुरता कोंडून ठेवला, कीं असें होतें. शेती, किंमती, दारिद्र्य, कोणताही भाग शिकवितांना हा आंकडा कोणीं, कोठें व कसा मिळविला, हें विद्यार्थ्यानें विचारलेंच पाहिजे. शक्य तर एखाद्या हंगामांत त्यानें शेतांत उभें राहून पीक कापलें व तोललें जातांना पाहावें. सरासरी हें केवळ गणितांतील उत्तर नसून कोणाच्या तरी वर्षाचा निकाल आहे, ही जाणीव त्याला तेथेंच होईल.