मुखवट्यामागचे यंत्र

(धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विखारी प्रचार म्हणजे काय, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. पण रझवीला भाषणासाठी माणसे जमवावी लागत. वक्ता दिसत असे, त्याचे नाव ठाऊक असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य नळदुर्गात शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली.

आजचा वक्ता दिसत नाही. पुष्कळदा तो माणूसही नसतो.

जून २०१५ मध्ये टेलिग्रामने 'बॉट' म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या खात्यांची सोय खुली केली. हवामान, बातम्या सांगणारी ही निरुपद्रवी सोय. 'इसिस'ने तिला आपल्या दाराशी द्वारपाल म्हणून उभे केले. संघटनेचा गट बंद पाडला, की नव्या गटाचा पत्ता हा बॉट मागेल त्याला देतो. हजार जणांनी विचारले तरी थकत नाही, झोपत नाही, पकडला जात नाही. चाळणी होऊन जो आत येतो, त्याच्याशी मग खरा हस्तक बोलू लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपोल आणि टेलिग्रामने अशी असंख्य खाती एकदम बंद केली. तेव्हा प्रचारकांनी दुसरी ठिकाणे धुंडाळली.

हे दूरचे वाटते काय? २०१६ साली आपल्याच मराठवाड्यात, परभणीत, दहशतवादविरोधी पथकाने काही तरुणांना अटक केली. परदेशातील हस्तकाशी त्यांचा संपर्क इंटरनेटवरूनच झाल्याचे तपासात पुढे आले. घरच्या माणसाला पत्ता लागू नये, एवढीच त्या यंत्राची अपेक्षा असते. म्हणून मुलगा रात्री कोणाशी बोलतो, हे त्याच्याशी बोलूनच जाणून घ्या. संशय आला तर वेळ न दवडता पोलिसांना कळवा.

एक कटू गोष्ट सांगून थांबतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक जण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील, मंगळवेढ्याकडचे. भिक्षेसाठी फिरणारे आपलेच बांधव. ती अफवा मोबाइलवरून हातोहात पसरली होती. शहानिशा न करता आलेला निरोप पुढे ढकलणे, हेच तर बॉटचे काम. ते तिथे आपल्याच माणसांनी केले.