दिवा चालू, उजेड नाही

अटल बोगदा 2020 साली खुला झाला, तेव्हापासून हिवाळ्यातही मनालीहून लाहौलला जाणं सोपं झालंय. पुणे, इंदूर, बडोद्याची मंडळी स्वतःची गाडी घेऊन सिस्सूला जातात. जरूर जा. फक्त आपल्या हेडलाइटचा स्वभाव ओळखून जा.

जुना हॅलोजन बल्ब बरीचशी वीज उष्णतेतच घालवायचा. काच तापायची, तिच्यावर पडलेला बर्फ वितळायचा. एलईडी मुळात कमी तापतो, आणि त्याची उष्णता मागच्या बाजूला काढून दिलेली असते. पुढचं आवरण थंडच. त्यावर बर्फ चिकटतो, थरावर थर चढतो. डॅशबोर्डवर दिव्याची खूण दिसत असते, पण रस्त्यावर उजेड नसतो. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला वाटतं, अंधारच जास्त पडलाय.

म्हणून बर्फ पडत असेल तर अधूनमधून वळणापासून दूर, रुंद जागी थांबा आणि दिवे पुसा. मागचेसुद्धा; मागच्या ट्रकला तुम्ही तेवढ्यानेच दिसता. आमच्या ताफ्यात गाडी थांबली की ड्रायव्हर आधी दिव्यांकडे जायचा, मग चहाकडे. (बहुतेक वेळा!)

थर कडक होण्याआधी मऊ ब्रशने सहज निघतो. उकळतं पाणी ओतू नका, आवरणाला तडा जाऊ शकतो आणि उरलेलं पाणी पुन्हा गोठतं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं तर नकोच, आवरण प्लास्टिकचं असतं. हाय बीमही नको, पडणाऱ्या बर्फाची समोर पांढरी भिंत उभी राहते.

आणि तो ब्रश डिकीत सामानाखाली नको, दरवाजाच्या कप्प्यात ठेवा.