इंदूरचे गुरुजी

इंदूर म्हटलं की हल्ली पोहे आणि सराफ्यातली खाऊगल्ली आठवते. पण याच शहरात विष्णु चिंचाळकर, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, टाकाऊ वस्तूंतून चित्रं घडवत. वाळकी काटकी, सुकलेलं पान, झाडाचं मूळ... जरा फिरवून धरायचं, की त्यात पक्षी दिसू लागे! चित्रकला या शहराला नवी नव्हती; १९२७ सालीच इथे चित्रकार देवळालीकरांची चित्रशाळा सुरू झाली होती. चित्रकार बेंद्रे, हुसेन तिथलेच.

गुरुजींचे जिवलग म्हणजे ‘नई दुनिया’ या दैनिकाचे संपादक राहुल बारपुते. मायबोली मराठी, लेखणी हिंदी! देवासचे गायक कुमार गंधर्व आणि नाटकवाले बाबा डिकेही याच कंपूतले. संपादकाला गाण्याचा कान असावा, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. आज वृत्तपत्रांत कलेला पुरवणीचा कोपरा मिळतो. तोही जाहिरात आली नाही तर.